सोलापूर, फेब्रुवारी आणि अ‍ॅव्होकॅडोची फुलं

गुरुवार

मोहोळच्या पुढं माझ्या मावसभावाची शेती आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. उजनीच्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळं आधी ऊस झाला, मग द्राक्ष झालं, मग डाळिंब. डाळिंबाला तेल्या रोग लागला आणि हाताशी आलेला बहार डोळ्यांदेखत गेला तेव्हा त्यानं ती बाग काढून टाकली आणि एका नर्सरीतून अ‍ॅव्होकॅडोची कलमं आणून लावली. झाडं वाढली झकास. मागच्या फेब्रुवारीत फुलं इतकी आली की पान दिसेना, आणि फळं धरली तर सगळ्या बागेत मिळून एका घमेल्यात मावतील एवढीच. ह्या वर्षी परत तसाच फुलोरा आलाय म्हणून त्याचा फोन, "अगं तू झाडाफुलांचं शिकवतीस ना, एकदा येऊन बघ तरी, नायतर मी जेसीबी लावतो."

जेसीबी म्हणलं की मला राहवत नाही. तसंही ह्या झाडाचं जे कूळ आहे, लॉरेसी, दालचिनी-तमालपत्राचं कूळ, ते माझं सगळ्यात आवडतं, पण महाबळेश्वराकडं पिसा नावाच्या ह्याच कुळातल्या झाडाखाली उभं राहून बघणं वेगळं आणि सोलापूरच्या काळ्या रानात बघणं वेगळं. कॉलेजातून सुट्टी टाकली, भिंग, ब्रश, वही बॅगेत टाकली आणि पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडली. रात्री दहाच्या सुमाराला सोलापूर. मावशीकडं गरम भाकरी, शेंगाचटणी, दही. झोप.

शुक्रवार

पहाटेच दादा गाडी घेऊन आला. हवेत गारवा होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूला मालदांडी ज्वारी काढणीला आलेली, कुठं कुठं आंब्याला मोहोर. बागेत पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आलेला आणि झाडावर एकही फूल उघडं नव्हतं. दादा म्हणला, "बघ, झोपल्यात सगळी." मी म्हणलं थांब, चहा घेऊ, आठ वाजू दे.

साडेआठनंतर उघडायला लागली. अ‍ॅव्होकॅडोचं फूल दिसायला फार काही नाही, सेंटिमीटरभर रुंद, पिवळसर हिरवं, सहा पाकळ्यांसारखी दलं, पण भिंग लावून बघितलं की हलावंसं वाटत नाही. पहिल्या दिवशीच्या फुलात मधोमध एकच कुक्षी ताठ उभी असते, टोकाला पांढरी आणि ओलसर, आणि नऊच्या नऊ पुंकेसर बाहेरच्या बाजूला आडवे पडलेले, दलांना चिकटून, कप्पे घट्ट बंद. म्हणजे पराग घ्यायची तयारी पूर्ण आहे आणि द्यायचं नाव नाही. मादी अवस्था. मी दादाला म्हणलं आता चार-पाच झाडं फिरून सांग, एक तरी फूल असं दिसतंय का ज्यात केसर उभे आहेत. तो पार बांधापर्यंत जाऊन आला, एकही नाही. पाचशे झाडांची बाग आणि त्या घटकेला उघडं असलेलं प्रत्येक फूल मादी.

दादाच्या बायकोकडं, म्हणजे वहिनींकडं, चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं रंगीत सूत होतं, गाठोडंभर. त्यातलं लाल घेतलं आणि सकाळी उघडलेल्या फुलांच्या देठांना एकेक धागा बांधत गेलो, मी, वहिनी आणि त्यांची शाळा बुडवून आलेली लेक. किचकट काम आहे, फूल नाजूक, देठ मोडतोय, पण असं खूण करून ठेवल्याशिवाय काय कळत नाही कारण फूल दुसऱ्यांदा उघडतं तेव्हा ते कालचंच आहे हे नुसत्या डोळ्यानं ओळखणार कसं.

दुपारच्या सुमाराला लाल धाग्याची सगळी फुलं मिटली. आणि जेवून परत आलो तर झाडं पुन्हा फुललेली! पण ही वेगळी फुलं, यांना धागा नाही, ही काल सकाळी मादी म्हणून उघडून मिटलेली, आज दुपारी नर होऊन उघडलेली. केसर लांब झालेले, आतले तीन कुक्षीच्या भोवती सरळ उभे, बाहेरचे सहा तिरपे, आणि कप्प्यांची दारं उघडलेली. ही दारं बघण्यासारखी असतात. आपल्याकडच्या बहुतेक फुलांत परागकोश उभा चिरतो, ह्या कुळात तसं होत नाही, प्रत्येक कप्प्याला एक बारीक झडप असते, ती खालून सुटते आणि वर उचलली जाते आणि जाताना परागाचा चिकट गोळा सोबत घेऊन जाते. अ‍ॅव्होकॅडोच्या एका केसराला अशा चार झडपा. वहिनींनी भिंगातून बघितलं आणि बराच वेळ भिंग काही परत दिलं नाही.

मग दादाला सगळं सांगितलं. एक फूल दोनदा उघडतं, आज मादी आणि उद्या नर, आणि झाडावरची सगळी फुलं हे एकाच वेळी करतात, म्हणून झाड स्वतःच्या परागानं फळ धरायची शक्यता कमी. यातही दोन गट. अ गटाची झाडं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ब गटाची पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. सकाळी ब चा पराग अ ला, दुपारी अ चा पराग ब ला. जातींपैकी हास अ गटातलं, फुएर्टे, बेकन, झुटानो, एटिंजर ही ब गटातली. हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे, १९२०च्या दशकाच्या सुरवातीला अमेरिकेत निरोडी आणि स्टाऊट या दोघांनी फुलांजवळ बसून बसून याची नोंद केली, आणि तरी आज कलम विकताना आपल्याकडं कितीतरी ठिकाणी गट सांगितला जात नाही. दादाला ज्या नर्सरीनं कलमं दिली तिनं पावतीवर नुसतं 'अ‍ॅव्होकॅडो कलम' लिहिलंय. एकाच झाडाच्या काड्यांवरून केलेली कलमं, म्हणजे सगळी बाग अ गटाची. मला याचा खरंच राग येतो. शेतकऱ्यानं खत, पाणी, ड्रिप, मल्चिंग सगळं केलं, आणि एका अक्षराची माहिती दिली नाही म्हणून वर्षं वाया.

दादाच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. सोलापूरचा डाळिंबवाला माणूस, त्याला फुलोरा म्हणलं की ताण आठवणारच. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, कुठला धरायचा तो आपण ठरवायचा, पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग पाणी सोडलं की झाड कळ्यांनी भरतं. "मग हेला बी ताण देऊन बघू का, सगळी एकदम फुलायच्या ऐवजी मागंपुढं फुलतील?" प्रश्न चांगला होता पण मी घाईनं नको नको म्हणलं, कारण अ‍ॅव्होकॅडोची मुळं वरच्या वर असतात आणि त्यांना मूळरोमसुद्धा नसतात, पाणी तोडलं तर झाडच बसेल. ह्याची फुलं येतात ती हिवाळ्यातल्या गार रात्रींमुळं. आणि समजा हंगाम मागंपुढं केलाच तरी दिवसातली वेळ तर तीच राहणार, सकाळी मादी ती मादीच.

शनिवार

सकाळी परत बागेत, आज निळं सूत. कालची लाल फुलं दुपारी एकच्या पुढं उघडली, सगळी नर, अगदी पुस्तकात असतं तशी, दादाची लेक एकेक दाखवत ओरडत होती, "आत्या ही बी! ही बी!"

संध्याकाळी मावशीकडं आलो. वाटेत मसाल्याच्या दुकानात थांबले, मला तिथं तासभर लागतोच. दालचिनी, तमालपत्र दोन्ही लॉरेसी. तमालपत्राचं वाळकं पान उजेडाकडं धरलं की देठापासून टोकाकडं जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात, दालचिनीच्या पानालाही तशाच. काळ्या मसाल्यात नाकेश्वर टाकतात ना, देठ असलेल्या छोट्या लवंगेसारखं, बाजारात त्या नावानं जे मिळतं त्यात बऱ्याच वेळा दालचिनीच्या भावकीतल्या झाडांची कोवळी फळंच असतात, वाटीत बसल्यासारखी. म्हणजे आपण जे कुटून भाजीत घालतो ते कुणाच्या तरी यशस्वी परागीभवनाचं फळ आहे. त्याच दुकानात मिरी आणि जायफळ, ती कुळं वेगळी पण दूरचे नातेवाईक, सीताफळ आणि सोनचाफासुद्धा त्याच मोठ्या घराण्यातले. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, कोकणात त्यासाठी रोपावर मादी झाडाच्या काडीचं कलम करतात आणि मादी झाडावर नराची एखादी फांदी बांधतात.

मावशीच्या शेजारी जुना वाडा आहे, त्यांच्या परसात हौदाच्या सांडपाण्यावर वाढलेलं दालचिनीचं झाड आहे हे मला ह्या वेळेलाच कळलं. वाड्यातल्या आजींनी कधीतरी दापोलीहून रोप आणलेलं. सोलापूरच्या उन्हात दालचिनी म्हणजे नवलच, पण भिंतीची सावली, सांडपाण्याचा ओलावा, जगलंय. तांबूस कोवळी पालवी आलेली आणि फुलं होती! अ‍ॅव्होकॅडोपेक्षा कितीतरी लहान, फिकट पिवळी, बाहेरून रेशमी लव, वास मात्र अजिबात दालचिनीचा नाही, जरा उग्रच. दालचिनीचं फूलसुद्धा दोनदा उघडतं, आधी मादी मग नर, आणि त्यातही सकाळवाली आणि दुपारवाली अशी दोन प्रकारची झाडं असतात. आम्ही गेलो तेव्हा पाच वाजून गेलेले आणि उघडी फुलं सगळी नर, झडपा वर. आजींना विचारलं कधी फळं धरली का, तर म्हणाल्या, "एखाददुसरं काळं बोंड दिसतंय की कधीतरी, बुलबुल खातो." एकटं झाड, आसपास दुसरं नाही, तरी एखाददुसरं धरतंय. हे लक्षात ठेवलं.

रात्री काकांना, म्हणजे मावशीच्या मिस्टरांना, हे सगळं सांगत होते. ते जुन्या मिलमध्ये होते, सोलापुरात जुनी मिल म्हणजे १८७७ सालची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फस्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट. गेटवर दोन्ही शिफ्टची माणसं भेटायची तेवढ्यातच निरोप द्यायचा." यापेक्षा सोपं करून मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

आणि मग मी बोलतच सुटले कारण ह्या कुळाची खरी गंमत इथंच आहे. लॉरेसीत अडीच-तीन हजार जाती आहेत, बहुतेक उष्ण कटिबंधातल्या, आणि स्वतःचा पराग टाळायच्या त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. एक तऱ्हा ही शिफ्टची. १९८४ साली कुबिट्स्की आणि कुर्झ यांनी दाखवून दिलं की ही फक्त अ‍ॅव्होकॅडोची नाही, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या त्याच्या कितीतरी भाऊबंदांत ती आहे. दुसरी तऱ्हा सरळ वाटणीची, नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. आपल्या सह्याद्रीतला पिसा असाच, मैदालकडीसुद्धा, जिच्या सालीची पूड उदबत्तीत चिकटवायला वापरतात. त्यांच्या मादी फुलात केसर असतात पण वांझ. आणि मधलीही अवस्था सापडते, कोस्टारिकात मोंतेवेर्दे म्हणून ढगात बुडालेलं जंगल आहे तिथल्या ओकोटिया टेनेरा ह्या लहान झाडात काही झाडं दोन्ही कामं करतात आणि काही नुसती मादी. त्याच जंगलात क्वेट्झल नावाचा लांब शेपटीचा हिरवा पक्षी ह्या कुळाची तेलकट फळं गिळून बिया लांब नेऊन टाकतो, आणि तिथं वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींतून दिसलं की एकच झाड दर वर्षी सारखं फळत नाही, एखाद्या वर्षी लदलदून आणि पुढच्या वर्षी जवळजवळ नाहीच. अ‍ॅव्होकॅडोच्या बागायतदारांनाही हे माहीत असतं, एक वर्षाआड. मला असं वाटतं की शिफ्ट पाळणारी झाडं आणि नर-मादी वेगळी असलेली झाडं ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, शिफ्टच्या गावात प्रत्येक झाडाला फळ धरता येतं, वाटणीच्या गावात निम्म्यांनाच. पण दोन्ही ठिकाणी एकट्या झाडाचं काही खरं नाही.

काका झोपले होते तोवर.

रविवार

पहाटेपासून आभाळ भरलेलं, वारा गार, फेब्रुवारीत सोलापूरला असा दिवस म्हणजे दादाच्या कपाळाला आठी, शेजाऱ्यांची ज्वारी उभी आहे, द्राक्षवाल्यांचे फोन चालू. मला मात्र असाच दिवस हवा होता.

नऊ वाजले, दहा वाजले, फूल उघडेना. अकराच्या पुढं एकेक सुस्त उघडायला लागलं आणि दुपारी दोनला जे बघायला मिळालं ते मी वहीत दोन वेळा अधोरेखित करून लिहिलंय, एकाच फांदीवर, दोन बोटांच्या अंतरावर, एक फूल मादी आणि एक फूल नर, दोन्ही उघडी. गारव्यानं मादी फुलांना उशीर झाला आणि नर फुलं आपल्या वेळेला आली, गेटवर गाठ पडली. आपल्याकडच्या एकट्या बागेत जी घमेलंभर फळं धरतात ती अशा दिवसांची आणि रोज दुपारी मधे जो थोडा वेळ दोन्ही फुलं उघडी असतात त्याची. वाड्यातल्या आजींच्या दालचिनीचंही असंच होत असणार. त्यामुळं नुसतं हास लावलं तर फळ येतच नाही असं म्हणणं चूक आहे, गारव्याच्या मुलखात नुसत्या हासच्या बागाही फळतात. पण सोलापूरच्या कोरड्या, निरभ्र, दुपारी तेहतीस-चौतीस अंश असलेल्या फेब्रुवारीत झाडं वेळेची पक्की असतात आणि ते आपल्याला महागात पडतं.

माश्यांचंही बघितलं. शेजारी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट, पांढरे गोंडे डोलतायत आणि सगळ्या मधमाश्या, सातेरी आणि फुलोरी, तिकडंच, नुसता गुंजारव. अ‍ॅव्होकॅडोवर थोड्या फुलोरी माश्या, बऱ्याचशा साध्या माश्या, आणि काही पोया, त्या बारक्या डंख नसलेल्या. अ‍ॅव्होकॅडोच्या मूळच्या मुलखात, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, अशाच डंख नसलेल्या माश्या आणि गांधीलमाश्या त्याचं काम करत आलेल्या आहेत, मधमाशीला हे फूल फारसं खेचत नाही, दुसरं काही बरं मिळालं की ती निघाली. फुलात मध मात्र दोन्ही दिवशी असतो, मादी दिवशी त्या नऊ केसरांच्याही आत असलेल्या तीन वांझ केसरांपाशी आणि नर दिवशी केसरांच्या बुडाशी असलेल्या नारिंगी ग्रंथींमधून, भिंगाखाली थेंब चमकताना दिसतो. माशीनं दोन्ही फुलांना जावं म्हणून दोन्ही वेळी मध, हे मला फार आवडतं.

संध्याकाळी शेजारच्या काकांकडं हंगामातला शेवटचा हुरडा, गूळ, खोबरं, लसणाची चटणी आणि बोरं. ते काका जुने बोरवाले. त्यांना मी दुपारची गोष्ट सांगितली तर ते म्हणले, "त्यात काय, आमची बोर बी तसलीच की. काही जातीचं फूल सकाळी उमलतंय, काहीचं दुपारच्याला. एकच जात लावली की धरत न्हाई नीट, मिसळून लावायची." मी थक्कच झाले. बोरीचं फूल खरंच असंच वागतं, फक्त उलटं, ते आधी नर असतं आणि मग मादी. कुळाचा काही संबंध नाही, कोट्यवधी वर्षं वेगळ्या वाटा, आणि तीच युक्ती. म्हणजे ज्या गावच्या माणसांना बोरीचं हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे त्या गावात अ‍ॅव्होकॅडो आला आणि कुणीच कुणाला विचारलं नाही.

सोमवार

दादाच्या ओळखीत बार्शीकडं एकानं कोडगूहून बिया आणून रोपं केलीत असं कळलं होतं. बियांची रोपं म्हणजे प्रत्येक झाड वेगळं, कुठलं अ निघेल कुठलं ब सांगता येत नाही, फळही कसंही, पण मला तेच हवं होतं. पहाटे निघालो. रस्ता सगळा सीताफळाचा, एनएमके गोल्डन ही जात ह्याच तालुक्यातल्या गोरमाळ्याची. सीताफळाची झाडं अजून निष्पर्ण, त्यांचंही फूल आधी मादी मग नर, भुंगेरे परागीभवन करतात, उन्हाळ्यात कोरड्या हवेत फुलं गळतात आणि पहिल्या पावसानंतर धरतात, पण त्याबद्दल सविस्तर पुन्हा कधीतरी.

नऊला पोचलो. वीसेक झाडं, विहिरीच्या कडेला. पहिलं झाड मादी, दुसरं मादी, तिसऱ्याला एकही फूल नाही, चौथ्याजवळ गेले आणि लांबूनच कळलं, सकाळची वेळ आणि केसर उभे. ब! पुढं अजून तीन-चार निघाली. मालक चांगले माणूस, काड्या नेता काय न्या म्हणाले.

पण काड्या नंतर. आधी त्या ब झाडाच्या फुललेल्या दोन फांद्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत उभ्या केल्या आणि दादानं गाडी अशी हाणली की मला भीतीच वाटली. ब चा सकाळचा पराग अ च्या सकाळच्या मादी फुलांवर दुपारच्या आत पोचवायचा होता. अकरा वाजता बागेत, मादी फुलं अजून उघडी. बारीक ब्रशनं वर उचललेल्या झडपांवरचा पराग घ्यायचा, भिंगात बघायचं आला का, आणि कुक्षीच्या टोकाला नुसता टेकवायचा. दादाचे हात डाळिंबाच्या छाटणीचे, जाड, भेगाळलेले, पण ब्रश धरला तर आमच्या सगळ्यांत हलका हात त्याचाच. त्या फुलांना पांढरं सूत. बारा-साडेबारापर्यंत मिटायला लागली तसं थांबलो.

मंगळवार

निघायचा दिवस, सकाळ सगळी बांधावर बसून कागदावर आराखडा. दर तिसऱ्या ओळीतलं दर तिसरं झाड ब करायचं, म्हणजे नऊ झाडांमागं एक. नवीन रोप लावत बसायचं नाही, असलेल्याच झाडाच्या फांद्या छाटून त्यावर ब च्या काड्या बांधायच्या, म्हणजे मुळं जुनी आणि फुलं लवकर. आत्ता नाही, पुढं उन्हाळा आहे, बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला नवं कलम जळून जाईल. पाऊस सुरू झाला की.

एक गोष्ट दादाला परत परत सांगितली, काड्या घेताना फक्त गट बघून चालणार नाही, त्या झाडाचा हंगामही आपल्या बागेबरोबर आला पाहिजे. तास जुळले आणि आठवडे चुकले तर काय उपयोग. म्हणून बार्शीच्या त्या चार-पाच झाडांची फुलं कधी सुरू झाली आणि कधी संपतात हे मार्चअखेरपर्यंत मालकांनी दर आठवड्याला फोनवर सांगायचं ठरलं, जी आपल्याशी सगळ्यात जास्त जुळतील त्यांच्याच काड्या. फुलोऱ्यात दुपारच्या आत फवारणी नको, आणि पुढच्या वर्षी सातेरीच्या पेट्या.

आणि मुळं. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ह्या कुळाला तेच सोसत नाही. मूळकूज करणारी जी बुरशीसारखी जात आहे, फायटोफ्थोरा सिनॅमोमी, ती पहिल्यांदा ओळखली गेली तीच दालचिनीच्या झाडावर, सुमात्रात, १९२२ साली, म्हणून नावात दालचिनी. जगातल्या सगळ्या हास झाडांची आई कॅलिफोर्नियात होती, तिलाही मूळकूज झाली आणि २००२ साली ती तोडावी लागली. दादाचे गादीवाफे उंच आहेत, पण खालच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींत पाणी साचतं, तिथं ह्या पावसाळ्याच्या आत चर काढायचा. जेसीबी लागणार तो त्यालाच.

हे टाइप करेपर्यंत मार्चचा दुसरा आठवडा आलाय. काल वहिनींनी फोटो पाठवले. लाल आणि निळ्या सुताची फुलं जवळजवळ सगळी गळाली, रविवारच्या ढगाळ दिवशी उघडलेल्यांपैकी तुरळक धरलीत, आणि पांढऱ्या सुताच्या फांद्यांवर वाटाण्याएवढी फळं आहेत, प्रत्येक धाग्याला नाही, पण घोसागणिक एकदोन दिसतायत. अ‍ॅव्होकॅडोच्या हजार फुलांत एखादं फळ टिकलं तरी चांगलं म्हणतात, त्यामुळं ह्यातलीही बरीच गळणार. वहिनींनी वहीत झाडाचा नंबर आणि सुताचा रंग घालून रकाने पाडलेत, दर रविवारी मोजतायत. मे महिन्याच्या उन्हातून जी राहतील ती जूनमध्ये मोजून सांगते म्हणाल्या.